धाकटीने बदललेला उपदेश

आमच्या चर्चमध्ये पियानो मी वाजवते. तो डाव्या भिंतीपाशी आडवा ठेवलेला आहे, त्यामुळे मी बसते ती मंडळीकडे तोंड करून, जराशी तिरकी. उपदेश चालू असताना सगळे पाळकांकडे बघतात आणि मी सगळ्यांकडे. कोण जांभई दाबतंय, कुणाचं लक्ष घड्याळात आहे, कुठलं जोडपं घरून भांडून आलंय, हे मला बसल्या जागी कळतं. म्हणून धाकटीची भानगडही पहिल्यांदा माझ्याच नजरेला आली.

धाकटी म्हणजे आमच्या गल्लीतल्या रंगाऱ्याची धाकटी मुलगी. घरात तिला धाकटी म्हणतात आणि तिच्या बहिणीला थोरली, आणि आम्ही शेजारीपाजारीही तेच म्हणत आलो. थोरलीला जन्मापासून ऐकू येत नाही. त्यामुळे धाकटीला तोंडाने बोलता यायच्या आधी हातांनी बोलता यायला लागलं. पाठोपाठ तोंडही सुटलं आणि ते मग काही केल्या मिटेना. दुकानात, दवाखान्यात, शाळेत, जिथे थोरली जाईल तिथे ही तिची वाचा बनून सोबत. एकदा थोरलीला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. ती खुर्चीत आ करून बसलेली, आणि ही एवढीशी पोर शेजारच्या स्टुलावर उभी राहून डॉक्टरांना खणखणीत आवाजात सांगत होती, “ती म्हणते, तुम्ही थापा मारता. दुखणार नाही म्हणालात आणि दुखतंय.” आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र हसले आणि तेव्हापासून थोरलीला काय करणार ते आधी दाखवून मगच करायला लागले. रंगाऱ्याने धाकटीला टेलिफोन म्हणायला सुरुवात केली ती तेव्हाच.

दोघी मोठ्या झाल्या. थोरली चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. पुढे काउंटर, मागे एक अरुंद खोली, तिथे खिडकीपाशी काचा घासायचं मशिन. काचेच्या मधोमध बारीक टिंब काढायचं, फ्रेमच्या मापाने ती मशिनवर धरायची, पाण्याची धार चालू ठेवून कडा घासत जायची. काच जास्त घासली गेली तर फ्रेममध्ये खुळखुळते आणि कमी घासली तर बसत नाही. थोरलीचं काम इतकं नेटकं, की मालक अवघड नंबरांच्या जाड काचा दुसऱ्या कुणाला देतच नाहीत. धाकटीने कर्णबधिर मुलांना शिकवायचा अभ्यासक्रम घेतला. दोन बस बदलून कॉलेजला जायची आणि संध्याकाळी आली की माझ्या स्वयंपाकघरात बसून दिवसभराचं सगळं ओकून टाकायची. मला ती मावशी म्हणते. नातं काही नाही, पण तिच्या लहानपणी तिच्या बडबडीला ज्या घरात थारा होता त्यातलं एक माझं.

रविवारी उपासनेत ती खुणांनी सांगायचं काम करायची. उजवीकडच्या दुसऱ्या बाकावर तिघं बसायची: थोरली, कोपऱ्यावरच्या बेकरीचे काका आणि छापखान्यातले निवृत्त आजोबा. तिघांनाही ऐकू येत नाही. धाकटी उंचीला बेताची, म्हणून व्यासपीठाच्या बाजूला तिच्यासाठी एक लाकडी खोकं ठेवलेलं असायचं. त्यावर उभी राहून ती गाणी, प्रार्थना, शास्त्रपाठ, उपदेश सगळं हातांनी सांगायची.

मग आमच्याकडे नवे पाळक आले. माणूस लाखातला. आजाऱ्याला भेटायला न बोलावता जाणार, कुणाचं पाणी तुंबलं तरी बाह्या सरसावून उभा राहणार. पण उपदेशाला उभे राहिले की त्यांना आवरतं घेता यायचं नाही. एकच मुद्दा पुढून सांगायचे, मागून सांगायचे, मग बाजूने. आणि मध्ये मध्ये विनोद करायचे. ते शब्दांवरचे असायचे. आम्हालाच हसू येत नसे, तर हातांच्या भाषेत ते कसे जाणार?

पहिला बदल तिथूनच झाला. पाळकांनी ‘दान’ आणि ‘नादान’ असं काहीतरी जुळवून एक कोटी केली. धाकटी क्षणभर अडली, आणि मग तिने आपल्याच मनाने एक गमतीचा प्रसंग हातांनी रंगवला, एका माणसाला दानपेटीत हात घालताना पकडतात तसला. बेकरीवाले काका पोट धरून हसले. बाकी सगळं चर्च गप्प, आणि दुसऱ्या बाकावर तिघं खदखदून हसतायत. पाळकांचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

एकदा हात सैल सुटला की सुटतोच. पुढच्या रविवारी तिने तीनदा सांगितलेला मुद्दा एकदाच सांगितला. त्यानंतर एक कंटाळवाणा दाखला गाळला आणि त्या जागी स्वतःचा चांगला घातला. पोरीला देणगीच होती. तिचे हात चालायला लागले की शब्द ऐकू येणाऱ्या आम्हालाही तिकडेच बघावंसं वाटायचं. मला थोड्याफार खुणा कळतात, तेवढ्यावरून अंदाज यायचा की पाळकांची गाडी एकीकडे आणि धाकटीची दुसरीकडे चाललीये. मी एकदा तिला छेडलंही, “काय गं, तुझा उपदेश पाळकांच्या आधी संपला आज?” ती लाजून हसली. “मावशी, सार सांगते गं. त्यांना ताटकळत कशाला ठेवायचं?”

त्यात तिला वावगं वाटत नव्हतं. तिची श्रद्धा घरातूनच आलेली, साधी आणि मोकळी. देव प्रेम करतो, आपणही करावं, आणि ज्याला जे पोचत नाही ते त्याच्यापर्यंत पोचवावं. हे पोचवण्याचं काम आपल्या वाट्याला आलंय याचा तिला मनापासून आनंद होता. कॉलेजातल्या बाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, की दुभाष्याने पदरचं घालायचं नाही आणि समोरच्याचं गाळायचं नाही. माणूस खोकला तर खोकलाही सांगायचा. धाकटीने ते परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण बाईंना आमच्या पाळकांचे विनोद कुठे ऐकायला लागत होते!

मग तो रविवार आला. त्या दिवशी उपदेशाचा विषय होता प्रभूने बरा केलेला बहिरा माणूस. पाळक भरात होते. म्हणाले, “खरा बहिरेपणा कानांचा नाही, मनाचा! आपण बहिरे आहोत, बंधुभगिनींनो, कारण आपल्याला ऐकायचंच नाही! देव बरं करायला उभा आहे. मग आपण बरे का होत नाही? कारण आपला विश्वास तोकडा!” आणि पुन्हा पुढून, मागून, बाजूने. बहिरे, बहिरे, बहिरे. त्यांच्या मनात दुसऱ्या बाकावरची माणसं नव्हतीच. ते आम्हा सगळ्यांना झोडत होते. पण माझी बोटं मांडीवर आखडली.

मी धाकटीकडे पाहिलं. तिचे हात हवेत थांबले होते. समोर तीन चेहरे तिच्याकडे लागलेले, आता काय येतंय म्हणून वाट बघणारे. तिने एकदा पाळकांकडे पाहिलं, एकदा थोरलीकडे, आणि मग हात हलवायला सुरुवात केली. पाळक व्यासपीठावर मूठ आपटत होते आणि ही मंद हसत, सावकाश काहीतरी वेगळंच सांगत होती. तिने सांगितलं ते असं: लोकांनी त्या माणसाला ओढत आणलं, त्याला कुणी विचारलं नाही. गर्दीत सगळे तोंडं हलवतायत आणि याला काही कळत नाही. तेव्हा प्रभूने त्याला बाजूला नेलं, गोंधळातून दूर, जिथे तो नीट बघू शकेल. आणि प्रभू त्याच्याशी आधी हातांनी बोलला. त्याच्या कानांना बोटं लावली, जिभेला बोट लावलं, वर आकाशाकडे बघितलं. म्हणजे आपण काय करणार आहोत, कुणाच्या बळावर करणार आहोत, हे त्याला त्याच्या भाषेत आधी समजावलं.

छापखान्यातल्या आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. बेकरीवाले काका तर पुतळ्यासारखे बसले होते.

उपासना संपल्यावर मागच्या खोलीत चहा असतो. लोक कप हातात घेऊन उभे होते तेवढ्यात बेकरीवाले काका कोपऱ्यावर जाऊन परतही आले. हातात कागदी पिशवी, त्यात गरम पाव. ती त्यांनी पाळकांच्या हातात कोंबली आणि फोनवर काहीतरी लिहून त्यांच्यापुढे धरलं. पाळकांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे आले. मी गाण्याची पुस्तकं गोळा करत होते, धाकटी मला मदत करत होती.

“मावशी, हे काका लिहितायत की ‘प्रभू बहिऱ्या माणसाशी हातांनी बोलला, हे आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं, तुम्ही सांगितलंत.’ मी असं कधी म्हणालो?”

“ते धाकटीला विचारा,” मी म्हणाले.

धाकटीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. “म्हणालात की,” ती म्हणाली. “म्हणजे... जरा वेगळ्या शब्दांत.”

पाळकांनी विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. “असेल, असेल. कधी कधी पवित्र आत्मा आपल्याकडून आपल्या नकळत बोलवून घेतो.” आणि पाव छातीशी धरून ते तरंगत निघून गेले. धाकटीला पवित्र आत्म्याच्या जागी उभं राहायचं नव्हतं, हे तिच्या तोंडावर लिहिलं होतं. आणि ते मी एकटीने वाचलं नव्हतं. चहाचा कप हातात धरून थोरली दारातून बहिणीकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी धाकटीच्या कॉलेजला सुट्टी होती. दुपारी ती जेवणाचा डबा घेऊन चष्म्याच्या दुकानात गेली. थोरलीने मशिन बंद केलं, हात पुसले आणि डबा न उघडता विचारलं, “काल पाळक खरं काय म्हणाले?”

धाकटीने आधी उडवाउडवी केली. पण थोरलीपुढे ती कधी टिकली आहे? शेवटी सगळं बाहेर आलं. कालचं, आणि त्याआधीचं सगळंच.

पुढे काय झालं ते धाकटीने मला नंतर सांगितलं. थोरली रागावली की तिचे हात सुरीसारखे चालतात. ती म्हणाली, “लहानपणापासून जेवताना तुम्ही सगळे हसता. मी विचारते काय झालं. आई म्हणते काही नाही, नंतर सांगते. ते नंतर कधी येत नाही. बाबा म्हणतात महत्त्वाचं नव्हतं. महत्त्वाचं काय आणि काय नाही हे माझ्यासाठी कोण ठरवतं? त्या घरात एकच माणूस मला सगळं सांगायचं. शेजारीण मला काय म्हणाली तेसुद्धा. शिव्यासुद्धा. मला वाटायचं, जगात कुणी नाही तरी ही एक आहे.”

“तुला लागलं असतं,” धाकटी म्हणाली.

“लागलं असतं तर मला लागलं असतं. ते माझं आहे. तू का घेतलंस?” आणि मग, “आता सांग. पहिल्यापासून. एकही गोष्ट न गाळता.”

धाकटीने सांगितलं. मुठी आपटण्यासकट. हुंदके आवरताना तिच्या खुणा पुसट होत गेल्या की थोरली तिला थांबवायची: पुन्हा, नीट. टेबलावर आपटणाऱ्या हातांच्या आवाजाने मालकांनी पडद्यातून डोकं आत घातलं. “काय गं, भांडताय?”

“नाही काका,” धाकटी नाक ओढत म्हणाली. “उपदेश चाललाय.”

मालकांनी डोकं बाहेर घेतलं.

सगळं सांगून झाल्यावर थोरलीने डबा बाजूला सरकवला. मग म्हणाली, “तुझं जास्त छान होतं. पण ते तुझं होतं. तू ते त्यांच्या तोंडात घातलंस, आणि मी मूर्खासारखी त्यांच्यावर खूश झाले.” एवढं बोलून तिने डोळे मिटले. बहिरं माणूस डोळे मिटून बसलं की तुम्ही नाक घासा नाही तर डोकं आपटा, त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. त्या आठवड्यात धाकटी समोर आली की थोरली डोळे मिटायची. जेवताना चमचा चाचपडत घ्यायची, पण डोळे उघडायची नाही. त्यांची आई मला म्हणाली, “घरात माझ्या दोन पोरी आणि दोन्ही माझ्याशी बोलेनात. एक रुसलीये म्हणून आणि एक रडतीये म्हणून.”

धाकटी माझ्याकडे येऊन बसली. मी बटाटे सोलत होते, तिच्यापुढेही दोन सरकवले.

“मावशी, मी प्रेमापोटी केलं ना?”

“केलंस की.”

“मग ते खोटं कसं झालं?”

“मला पियानो येतो,” मी म्हणाले. “तू विचारतेस ते पाळकांचं खातं आहे.”

तिला हसू आलं नाही. साल काढता काढता ती स्वतःशीच बोलायला लागली. “मला वाटायचं प्रेम मऊ असतं आणि सत्य टोकदार. दोघांची गाठ पडली की सत्याने जरा बाजूला व्हावं. पण मी खरं काय केलं माहितेय? मी ठरवलं की ताईला झेपणार नाही. ती माझ्याहून मोठी, दहा माणसांचे टोमणे खाऊन उभी राहिलेली, आणि मी ठरवलं. यात प्रेम कुठे आहे? ही तर भीती होती माझी. मला तिचा चेहरा उतरलेला बघवत नव्हता. म्हणजे मी तिला नाही, मला वाचवलं.” मग म्हणाली, “आणि देवावरही विश्वास नव्हताच माझा. असता तर वाटलं असतं ना, की वाईट बोललेल्या उपदेशातूनही तो तिच्यापर्यंत काहीतरी पोचवेल. मी मध्ये नाक खुपसलं नाही तरी.”

तिच्या हातातला बटाटा सोलून सोलून गोटीएवढा उरला होता, तो तेवढा मी काढून घेतला.

आठवड्याच्या शेवटी ती उठली आणि पाळकांकडे कबुली द्यायला निघाली. दारातच थोरली उभी, डोळे उघडे. “मी पण येते,” ती म्हणाली. “तू तुझं बोल. मला माझं बोलायचंय. आणि मी जे बोलेन ते सगळं बोलायचं.” मी सोबतीला गेले, कारण धाकटीने माझा दंड सोडला नाही.

पाळकांची खोली चर्चच्या मागे. एक टेबल, पुस्तकांचे ढीग, खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला टॉवेल, खिडकीत सुकत चाललेलं रोपटं. धाकटीने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तोंडाने बोलत होती आणि त्याच वेळी हातांनीही, म्हणजे थोरलीलाही कळावं. पाळक ऐकत राहिले. सुरुवातीला त्यांना काही उमजलं नाही, मग हळूहळू उमजत गेलं.

“किती रविवार?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही आल्यापासून.”

“म्हणजे ही माणसं इतके दिवस हसत होती ती...”

“तुमच्या विनोदांना नाही,” धाकटी जमिनीकडे बघत म्हणाली.

“एकाही नाही?”

धाकटीने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “एकाला. छत्रीवाला. तो मी जसाच्या तसा सांगितला होता.”

पाळक खुर्चीत बसले. मला त्यांची दया आली. पण थोरलीचे हात सुरू झाले होते आणि धाकटी तिचा आवाज झाली. “माझं नाव बहिरी नाही, पण सकाळी उठते ती बहिरी म्हणूनच उठते. तुम्ही रविवारी तोच शब्द हट्टी माणसासाठी वापरता, पापी माणसासाठी वापरता, न ऐकणाऱ्यासाठी वापरता. मी न ऐकणारी नाही. मी ऐकू न येणारी आहे.”

“मी आध्यात्मिक अर्थाने म्हणत होतो,” पाळक म्हणाले.

“मग आध्यात्मिक शब्द शोधा. हा आमचा आहे. आणि माझा विश्वास तोकडा म्हणून माझे कान बंद, असं म्हणालात. माझ्या आईने मी लहान असताना तेच ऐकलं होतं. ती अजून रात्री स्वतःला दोष देते.” इथे धाकटीचा आवाज चिरकला. ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती. पण ती थांबली नाही, वाक्य पुरं केलं. थोरली पुढे म्हणाली, “आणखी एक. तुमचा चष्मा डावीकडे वाकडा बसलाय. मघापासून तिकडेच लक्ष जातंय, मला धड रागावता येत नाहीये.”

धाकटीने तेही सांगितलं. सगळं बोलायचं ठरलं होतं.

पाळकांनी चष्मा काढला, पाहिला आणि हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी टॉवेलने पुसले. थोरलीने हात पुढे केला, चष्मा घेतला, दांडी बोटांनी जरा वाकवली, उजेडात धरून पाहिला आणि परत दिला. त्यांनी तो घातला. सरळ बसला.

“मला तुम्ही दिसत होतात,” पाळक थोरलीकडे बघून म्हणाले, धाकटीकडे नाही. “दर रविवारी समोर दिसत होतात. आणि उपदेश लिहिताना मला एकदाही तुमची आठवण झाली नाही. याची मला लाज वाटते.” मग धाकटीला म्हणाले, “तुझ्यावर मी रागावलोय. उद्या रागावेन नीट, आज जमत नाहीये. पण ते हातांनी बोलण्याचं तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. लहानपणापासून मला ती गोष्ट तशीच दिसते.”

“मला आयुष्यात दिसली नाही,” पाळक म्हणाले, आणि त्यात कडवटपणा नव्हता.

बाकीच्या दोघांची माफी मागायला धाकटी बेकरीत गेली. बेकरीवाले काका आधी गंभीर झाले, मग म्हणाले, “म्हणजे पाव चुकीच्या माणसाला गेला,” आणि एक तिच्या हातात ठेवला. छापखान्यातले आजोबा तिथेच बाकावर बसले होते. ते म्हणाले, “छापताना मजकुरात चूक दिसली की माझा हात शिवशिवायचा. पण बदलायचं नाही. बाजूला पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायचं आणि लिहिणाऱ्याकडे परत पाठवायचं. तू तेवढं कर. आम्हाला जसंच्या तसं दे, आणि तुझं प्रश्नचिन्ह पाळकांकडे ने.”

पुढच्या रविवारी पाळकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की मागच्या वेळी मी चुकलो, आणि कशात चुकलो तेही सांगितलं, वळसे न घालता. धाकटी खोक्यावर उभी राहून शब्दन् शब्द हातांनी देत होती. मग पाळक बाजूला झाले आणि थोरली पुढे आली. ती आधी नाही नाही म्हणत होती, पण आजोबांनी तिला अक्षरशः ढकललं. तिने ती बहिऱ्या माणसाची गोष्ट हातांनी सांगितली आणि धाकटीने तिचा आवाज दिला. शेवटी ती म्हणाली, “लहानपणी धाकटी मला विचारायची, स्वर्गात तुला ऐकू येईल ना? मी तिला म्हणायचे, तिथे बाकीच्यांना खुणा येतील ना? अजून मला त्याचं उत्तर मिळालं नाहीये. पण तोवर तुम्ही इथे शिकायला हरकत नाही.” चर्चमध्ये हशा पिकला, आणि दुसऱ्या बाकावरही त्याच क्षणी. तिची आई मात्र हसली नाही. ती उठली, सगळ्यांच्या देखत पुढे गेली आणि थोरलीला मिठी मारून उभी राहिली. मला पुढचं गाणं सुरू करायचं होतं. मी जरा थांबले.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. धाकटी शिक्षिका झाली आहे, कर्णबधिर मुलांच्या शाळेत लहान वर्ग शिकवते. शनिवारी दुपारी ती पाळकांकडे जाते. ते तिला उद्याचा उपदेश वाचून दाखवतात आणि तिला खटकेल तिथे ती पेन्सिल चालवते. कधी ते ऐकतात, कधी म्हणतात, “हे राहू दे, मला असंच म्हणायचंय.” मग ती ते तसंच सांगते, पटो न पटो. पाळक स्वतःही खुणा शिकतायत. परवा आशीर्वाद देताना त्यांचा अंगठा चुकला आणि त्यांनी तिघांना शांती द्यायच्या ऐवजी साबण दिला. बेकरीवाले काका अजून त्यांना साबणवाले पाळक म्हणतात.

विनोद त्यांचे सुटलेले नाहीत. आता धाकटी कोटी आली की सांगते, “इथे पाळकांनी शब्दांचा खेळ केला, कुणी हसलं नाही.” त्यालाच तिघं हसतात, आणि पाळकांना त्याचंही काही वाटत नाही. मागच्या रविवारचा उपदेश तर फारच लांबला. धाकटीने तो इमानदारीने सगळा दिला, तीनदा फिरून आलेला मुद्दा तिन्ही वेळा दिला. माझ्या जागेवरून मी पाहिलं, आजोबांची मान कलली होती, काका पेंगत होते, थोरलीच्या पापण्या जड झाल्या होत्या. आणि डावीकडच्या बाकांवर ऐकू येणारी मंडळीही तशीच एकेक करून कलंडत होती. धाकटीने माझ्याकडे पाहून एक भुवई उचलली, पण हात थांबवले नाहीत.

उपासना संपल्यावर मी पुस्तकं आवरून बाहेर आले तेव्हा दोघी बहिणी रस्ता ओलांडत होत्या. पिशव्या कोपरात अडकवलेल्या, आणि दोघींचे हात जोरात चाललेले. कशावरून तरी जुंपली होती. रस्त्याच्या मधोमध थांबून थोरली काहीतरी पटवून देत होती आणि धाकटी मान हलवत नाही नाही म्हणत होती. एक गाडीवाला त्यांच्यासाठी थांबला होता. बिचाऱ्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही, कोपर खिडकीत टेकवून तो बघत बसला.